छोटी कॅम्पर व्हॅन की मोठं मोटारहोम? कोल्हापुरातून पहिली गाडी घेणाऱ्यांसाठी

आतला बिछाना, ओटा, फ्रिज आणि रंगीत दिवे बघून मन लगेच भरतं, आणि बहुतेकांचा निर्णय तिथेच होऊन जातो. पुढे तीन-चार वर्षं सुख देणार की डोकेदुखी, हे मात्र वेगळ्याच गोष्टींवर ठरतं. गाडी घरी कुठे उभी राहणार, कुठल्या घाटाने उतरणार, किती वजन पेलणार आणि आरसी बुकात तिची नोंद काय होणार, या चार प्रश्नांची उत्तरं शोरूममध्ये मिळत नाहीत. ती आधी काढा. आतली सजावट हवी तेव्हा बदलता येते, या चार गोष्टी बदलत नाहीत.

या लेखापुरती वर्गवारी अशी. छोटी म्हणजे मारुती ईकोच्या आकाराची गाडी, लांबी पावणेचार मीटरच्या आत, आत उभं राहता येत नाही. मधली म्हणजे टाटा विंगर किंवा आखूड व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर कमी असलेली) टेंपो ट्रॅव्हलर, आत बऱ्यापैकी उभं राहता येतं. मोठी म्हणजे लांब ट्रॅव्हलर, फोर्स कंपनीची लांब अर्बेनिया, किंवा मिनीबस अथवा ट्रकच्या चासीवर (खालच्या सांगाड्यावर) बांधलेलं मोटारहोम. ट्रॅव्हलर ३०५० ते ४०२० मिलिमीटर व्हीलबेसमध्ये येते. अर्बेनियाचे तीन व्हीलबेस आहेत, ३३५०, ३६१५ आणि ४४०० मिलिमीटर. एकाच नावाच्या दोन गाड्यांत मीटरभराचा फरक पडतो, म्हणून ‘ट्रॅव्हलर घेतोय’ एवढ्यावर थांबू नका, व्हीलबेस विचारा.

१. घरची जागा टेपने मोजा

मोठी गाडी साधारण सात मीटर लांब आणि आरशांसकट अडीच मीटरच्या आसपास रुंद असते. तिला मागेपुढे मीटरभर आणि सरकदाराच्या बाजूला दीड मीटर मोकळी जागा लागते. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ इथल्या बोळांत ही गाडी घरापर्यंत येतच नाही. राजारामपुरी किंवा ताराबाई पार्कात येते, पण कायम रस्त्यावर उभी ठेवली की शेजाऱ्यांशी वाद आणि ओरखडे दोन्ही वाट्याला येतात. गावाकडे परडं किंवा शेतात शेड असेल तर मोठ्या गाडीचा विचार जरूर करा.

शेतात उभी करणाऱ्यांनी उंदरांचा बंदोबस्त आधी करायचा. उसाचा फड तुटला की उंदीर आसरा शोधतात. बॉनेटखाली ऊब आणि वायरिंगचं आवरण, दोन्ही त्यांना आवडतं. खालच्या प्रत्येक भोकाला बारीक स्टीलची जाळी बसवा, आत खायचं काही ठेवू नका आणि आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून बघा.

गाडी महिनोन् महिने उभी राहणार असेल तर लहान घ्या. ईको रोजच्या कामाला निघते, बाजाराला जाते, म्हणून ती चालती राहते. मोठं मोटारहोम वर्षातले तीनशे दिवस उभं असतं. टायर झिजायच्या आधीच कडक होऊन तडकतात, बॅटऱ्या बसतात, रबरी सील आखडतात. बीएस-६ डिझेल गाडी नुसती पाच-दहा मिनिटं चालू करून बंद केली तर डीपीएफमध्ये, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, काजळी साचते. तिला पंधरवड्यातून एकदा हायवेला चांगली तासभर पळवावी लागते.

२. तुमचे घाट कोणते, ते लिहून काढा

कोल्हापूरकर कॅम्पर घेतो तो मुख्यतः कोकण आणि गोव्यासाठी. म्हणजे गगनबावड्यावरून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरीवरून फोंडा, मलकापूरवरून आंबा, आजऱ्यावरून आंबोली. पुणे-बंगळूर हायवेवर कुठलीही गाडी चालते. खरी परीक्षा या घाटांत होते.

करूळसारख्या घाटातलं केसपिनसारखं वळण डोळ्यांसमोर आणा. तुम्ही उतरताय, समोरून भरलेली एसटी चढतेय. छोटी गाडी आपल्याच बाजूने वळते. लांब व्हीलबेसच्या गाडीचं मागचं चाक वळणाच्या आतल्या बाजूला कापत जातं, म्हणून तिला आधी बाहेर घ्यावं लागतं, म्हणजे समोरच्याच्या वाटेत. त्याच वेळी मागच्या चाकाच्या मागे आलेलं शेपूट उलट दिशेला फिरतं आणि कठड्याला घासतं. पहिल्या सहा महिन्यांतले बहुतेक पोचे याच शेपटाला पडतात. मागच्या ॲक्सलपासून बंपरपर्यंतचं अंतर मोजा. दोन गाड्यांत निवड असेल तर ते अंतर कमी असलेली घ्या, भले आत एक कपाट कमी होऊ दे. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा नियमच आहे, तेव्हा उतरताना थांबायची तयारी तुमची.

उतरताना ब्रेकवर गाडी सोडू नका. ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. तीन-साडेतीन टनाची गाडी सतत ब्रेक दाबून उतरवली की लायनर तापतात, जळका वास येतो, पेडल मऊ लागतं आणि शेवटी दाबूनही गाडी थांबत नाही. वास आला की रुंद जागा बघून अर्धा तास थांबा. तापलेल्या डिस्कवर किंवा ड्रमवर पाणी ओतू नका, त्याला तडा जातो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेतं आणि मग लवकर उकळतं. ते दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी.

घाट उतरल्यावर कोकणातली वाडी लागते. दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे, मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी पाखाडी, आणि आत गेल्यावर वळवायला जागा नाही. मोठ्या गाडीने अशा वाटेला वळायच्या आधी एकाने उतरून पुढे चालत जाऊन बघायचं. समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत तर मोठी गाडी अजिबात घालू नका. ओली, घट्ट दिसणारी वाळूही तीन टनाखाली बसते आणि भरती कोणासाठी थांबत नाही.

उंचीसुद्धा नीट मोजा. कंपनीच्या कागदावरची उंची ही नुसत्या टपाची असते. त्यावर एसी, पंखा आणि सोलर पॅनल आलं की आणखी वीस-तीस सेंटिमीटर वाढतात. सगळं बसवल्यावर जमिनीपासून सगळ्यात उंच ठिकाणापर्यंत टेप लावा आणि तो आकडा डॅशबोर्डवर चिकटवा. आपल्याकडे गावागावाला स्वागत कमान आहे, लोंबत्या सर्व्हिस वायरी आहेत, चिंचेच्या आडव्या फांद्या आहेत. शहरात परीख पुलासारखे रेल्वेखालचे रस्ते आहेत, पावसात तिथे पाणीही साचतं. मोठ्या गाडीला हे रस्ते बाद धरूनच मार्ग आखा.

आणखी दोन हंगामी गोष्टी. पावसाळ्यात घाटात दरड येते आणि घाट बंद होतो, तेव्हा पर्यायी घाट आणि एक मोकळा दिवस हाताशी ठेवा. २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, हे विसरू नका. साखर कारखान्यांचा हंगाम साधारण नोव्हेंबर ते मार्च. या काळात राधानगरी, कागल, शिरोळच्या रस्त्यांवर रात्री रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या असतात. मोठी गाडी घेऊन रात्री निघू नका.

३. माणसं आणि सवयी

दोघं असाल आणि रोज गाव बदलत फिरायचं असेल तर छोटी पुरते. दोघं अधिक दोन मुलं असतील तर मधली. आई-वडील सोबत असतील, गुडघे दुखत असतील, रात्री दोनदा उठावं लागत असेल, तर आत उभं राहता येणारी आणि संडास असलेली गाडीच घ्या. तिथे काटकसर करू नका. मोठं मोटारहोम एकाच जागी चार-पाच दिवस तळ ठोकणाऱ्यांना शोभतं. रोज हलवायची गाडी म्हणून ते त्रासदायक आहे.

झोपायची लांबी स्वतः झोपून बघा. ईकोमध्ये पुढची सीट सरकवून मागे किती सरळ जागा मिळते ते टेपने मोजा. ट्रॅव्हलर-विंगरमध्ये आडवा बिछाना केला की भिंतींचं इन्सुलेशन आणि पॅनल दोन्ही बाजूंनी मिळून आठ-दहा सेंटिमीटर खातं. उंच माणसाचे पाय तिथेच अडतात.

४. वजन: इथे घाई करू नका

आरसी बुकात गाडीचं मोकळं वजन आणि एकूण भारवजन दोन्ही लिहिलेलं असतं. त्यांची वजाबाकी म्हणजे माणसं, फर्निचर, पाणी आणि सामान मिळून तुमच्या हातात असलेले किलो. छोट्या गाडीत समजा साडेपाचशे किलो उरतात. दोघांसाठी हिशोब असा होतो:

- दोन माणसं: १४० किलो
- १२ मिलिमीटर प्लायच्या तीन शीटचं फर्निचर: ७० किलो
- गादी: १५ किलो
- ४० लिटर पाणी, टाकी आणि पंपासकट: ४५ किलो
- लिथियम बॅटरी, इन्व्हर्टर, वायरिंग: २५ किलो
- २०० वॉटचं पॅनल आणि फ्रेम: २० किलो
- छोटा फ्रिज, भरलेला: २५ किलो
- शेगडी, भांडी, शिधा: २५ किलो
- कपडे, पिशव्या: २५ किलो
- बाहेरची ताडपत्री आणि दांडे: १२ किलो
- हत्यारं, जॅक: १० किलो
- सुटा संडास, पाण्यासकट: १५ किलो

बेरीज ४२७. शिल्लक सव्वाशेच्या आत. आता दोन मुलं बसवा, शिल्लक निम्म्यावर येते. सुताराने ‘मजबूत होऊ दे’ म्हणून १२ ऐवजी १८ मिलिमीटरचा प्लाय वापरला तर आठ बाय चारच्या प्रत्येक शीटमागे अकरा किलो वाढतात. घरच्या फर्निचरचा सुतार कायम जाड प्लाय सुचवतो, कारण घर घाट चढत नाही. तुम्ही ॲल्युमिनियम सेक्शनचा सांगाडा आणि वर पातळ प्लाय असा आग्रह धरा. प्लाय आयएस ७१० दर्जाचाच, म्हणजे पाण्यात टिकणारा मरीन प्लाय घ्या. साधा कमर्शियल प्लाय एका पावसाळ्यात कडेने फुगतो.

मोठ्या गाडीत किलो जास्त मिळतात, पण ती खातेही जास्त. २०० लिटरची टाकी भरली की २०० किलो गेले. सांडपाण्याची टाकी, टपावरचा एसी, बाथरूम, जनरेटर हे सगळं धरलं की तिची शिल्लक छोट्या गाडीपेक्षाही कमी उरू शकते. मोठी म्हणजे आपोआप भार पेलणारी, हा समज सोडून द्या.

वजनकाट्यांची आपल्याकडे कमी नाही. गोकुळ शिरगाव, शिरोली, कागल एमआयडीसीत आणि कारखान्यांच्या रस्त्यांवर ते पावलोपावली आहेत. काम सुरू करण्याआधी मोकळ्या गाडीचं वजन करून पावती ठेवा. काम झाल्यावर पाणी, डिझेल, सामान आणि माणसांसकट पुन्हा करा. तेव्हा तीन वजनं घ्या: पूर्ण गाडी, नुसती पुढची चाकं काट्यावर, नुसती मागची चाकं काट्यावर. पुढच्या-मागच्या ॲक्सलची मर्यादा आरसीत नाहीतर कंपनीच्या प्लेटवर दिलेली असते. एकूण वजन बसतंय पण मागचा ॲक्सल मर्यादेबाहेर गेला, असं फार वेळा होतं, कारण सगळे पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या दाराजवळ ठेवतात. मग पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसतात, पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग तरंगायला लागतं. जड वस्तू दोन ॲक्सलच्या मध्ये आणि खाली ठेवा. टपावर कमीत कमी.

पाटे वाढवून घेतले की भार वाढतो असं गॅरेजवाले सांगतात. गाडी उंच दिसते एवढंच. आरसीतली मर्यादा तीच राहते, आणि ब्रेक, टायर, ॲक्सलही तेच.

५. कागद आधी, करवत नंतर

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीतल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने शिक्षाही ठरली: बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका विम्याचा बसतो. सात सीटच्या गाडीतल्या सीट काढून तुम्ही ओटा बसवला, आरसी जुनीच राहिली आणि अपघात झाला, तर विमा कंपनी नेमकं तिथेच बोट ठेवते.

तुमच्यासमोर तीन वाटा आहेत.

पहिली, सुटं सामान. सीट जशाच्या तशा, पत्र्याला एकही नवं भोक नाही. घडी होणारा पलंग, ओट्याची पेटी, सुटी बॅटरी, सगळं पट्ट्यांनी बांधलेलं आणि दहा मिनिटांत उतरवता येणारं. हे सामान आहे, गाडीतला बदल नाही. छोट्या गाडीला ही वाट सगळ्यात उत्तम, आणि नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी, तयार मान्यताप्राप्त मोटारहोम. मोटार कॅराव्हॅनसाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. त्यानुसार मान्यता घेतलेल्या बांधणीची नोंदणी सरळ होते. ‘आमच्या गाड्यांचं पासिंग होतं’ हे तोंडी बोलणं पुरेसं नाही. मान्यता प्रमाणपत्राची प्रत आगाऊ रक्कम देण्याआधी हातात घ्या आणि त्यावरचं मॉडेल, व्हीलबेस तुमच्या गाडीशी जुळतं का बघा.

तिसरी, चालू गाडी बदलून घेणं. इथे क्रम चुकला की सगळं अडकतं. आधी आरटीओची लेखी परवानगी, मग काम, मग तपासणी, मग आरसीत नोंद. एमएच-०९ ची गाडी असेल तर आराखडा घेऊन कोल्हापूर आरटीओत आधी जा आणि तिथले अधिकारी कुठली प्रमाणपत्रं मागतात ते लेखी घ्या. बदल पूर्ण झाल्यावर १४ दिवसांत कळवायचं असतं.

जवळ ठेवायचे कागद:

- मूळ आरसी, विमा, पीयूसी
- आधार, पत्त्याचा पुरावा, पॅन
- मापं, सीटची संख्या आणि अंदाजी वजन दाखवणारा आराखडा
- वर्कशॉपचं जीएसटी बिल, चासी नंबरसह
- कर्जाची गाडी असेल तर बँकेचं लेखी संमतीपत्र
- नव्या गाडीला नमुना २०, २१ आणि २२. चासीवर वेगळी बॉडी बांधली असेल तर बॉडी बिल्डरचा नमुना २२-अ
- जुनी गाडी विकत घेताना नमुना २९ आणि ३०, दुसऱ्या जिल्ह्याची वा राज्याची असेल तर एनओसी
- दोन्ही वजनकाट्याच्या पावत्या
- काम चालू असतानाचे फोटो, विशेषतः वायरिंग झाकण्याआधीचे

स्वस्तात मिळतात म्हणून जुन्या स्कूल बस आणि ट्रॅव्हल्सच्या ट्रॅव्हलर घेण्याकडे कल असतो. त्या पिवळ्या पाटीच्या, म्हणजे व्यावसायिक नोंदणीच्या असतात. आधीचा कर, परमिट सरेंडर, फिटनेस, वाहतूक संवर्गातून खासगीत बदल आणि कराचा फरक, एवढी साखळी पार पडल्यावरच ती तुमच्या उपयोगाची होते. ही कामं विकणाऱ्याने पूर्ण करून द्यायची, अशी अट सौदापत्रात घाला. पिवळ्या पाटीवरच गाडी ठेवली तर कागल ओलांडून कर्नाटकात किंवा बांद्याहून गोव्यात शिरताना परमिट आणि कराचा प्रश्न दर फेरीला येतो.

पुढे गाडी भाड्याने द्यायचा विचार असेल तर ती वेगळी गोष्ट. राज्याचं कॅराव्हॅन पर्यटन धोरण २०२१ मध्ये आलं, पण त्यासाठी व्यावसायिक नोंदणी आणि फिटनेस हवंच. खासगी नंबरावर भाडं मारू नका.

लायसनचं सोपं आहे: ७,५०० किलोच्या आतली गाडी एलएमव्हीवर, म्हणजे हलक्या वाहनाच्या लायसनवर चालते. ट्रकच्या चासीवरचं मोटारहोम त्याच्या वर जातं का, एवढं बघा. फास्टॅग गाडीच्या खऱ्या वर्गाचाच असू द्या, नाहीतर किणीच्या नाक्यावर अडकाल.

६. विजेचा हिशोब एसीपासून सुरू करा

छोटी की मोठी, या प्रश्नाचं अर्धं उत्तर एसी हवा की नको यात आहे.

एसीशिवाय एका रात्रीचा खर्च बघा. १२ व्होल्टचा ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॉट-अवर, पंखा आठ तास २००, चार एलईडी दिवे ८०, मोबाइल-लॅपटॉप १५०. एकूण ९३०. १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १,२८० वॉट-अवरची असते, त्यातले हजारभर बिनधास्त वापरता येतात. म्हणजे एक बॅटरी, २०० वॉटचं पॅनल आणि गाडी चालताना चार्ज करणारा ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, एवढ्यात काम भागतं. अडीच तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये हा चार्जर हजार वॉट-अवर भरून काढतो. कोल्हापूर ते मालवण प्रवासातच बॅटरी भरते.

आता एसी धरा. एक टनाचा इन्व्हर्टर एसी सरासरी ७००-८०० वॉट ओढतो. आठ तासांचे सहा हजार वॉट-अवर झाले. नुसत्या एसीसाठी तसल्या सहा बॅटऱ्या लागतात, आणि त्या परत भरायला टपभर पॅनलही पुरत नाहीत. म्हणून एसीची गाडी शेवटी जनरेटरवर किंवा कुणाच्या तरी प्लगवर येते. नोव्हेंबर ते फेब्रुवारी कोकणातही पंख्यावर झोप लागते. एप्रिल-मेच्या मालवणी उकाड्यात गाडीपेक्षा खोली घेणं शहाणपणाचं. वर्षातल्या आठ-दहा रात्रींसाठी गाडीचा आकार दुप्पट करू नका.

पावसाळ्यात गगनबावडा-आंबोलीच्या ढगांत पॅनल नावालाच उरतं. तेव्हा डीसी-डीसी चार्जरच खरा आधार.

इथे जीवाला धोका होतो तो वायरिंगमध्ये. हजार वॉटचा इन्व्हर्टर १२ व्होल्टवर नव्वद-शंभर अँपिअर ओढतो. त्याला घरगुती वायर जोडली की ती तापते, वितळते आणि प्लायला आग लागते. किमान २५ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल, क्रिंप केलेले लग, आणि बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतरात फ्यूज. फ्यूज इन्व्हर्टरपाशी लावून उपयोग नाही, कारण मधल्या केबलचं संरक्षण होत नाही. बाहेरून २३० व्होल्ट घेणार असाल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा. होमस्टेच्या जुन्या बोर्डाला अर्थिंग नसतं, तिथे टेस्टर लावल्याशिवाय प्लग घालू नका. ट्युब्युलर बॅटरी वापरायचीच असेल तर ती बाहेर हवा जाणाऱ्या पेटीत ठेवा. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि तुम्ही तिच्या शेजारी झोपलेले असता.

७. पाणी, संडास, गॅस

आंघोळ सोडून काटकसरीने माणशी दिवसाला आठ-दहा लिटर पाणी जातं. बादलीभर आंघोळीला आणखी पंधरा-वीस. छोट्या गाडीवाल्यांनी वीस लिटरचे दोन कॅन ठेवावेत. ते उचलून कुठल्याही नळाला भरता येतात आणि आतून हात घालून घासता येतात. मोठ्या गाडीची पोटातली टाकी भरायला पाइप आणि जवळचा नळ लागतो. टाकीत झाकणाचं तोंड नसेल तर शेवाळ काढायला वाव नाही. अशी टाकी नाकारा.

संडासासाठी वीस लिटरच्या आतली कॅसेट (काढून नेता येणारी मैल्याची पेटी) दोन्ही प्रकारच्या गाड्यांना पुरते. दोघांच्या वापरात ती दोन-तीन दिवसांत भरते आणि कुठल्याही संडासात ओतता येते. पोटातली मोठी मैल्याची टाकी रिकामी करायची सोय आपल्या भागात सहज मिळत नाही, त्यामुळे ती घेऊच नका. ओढ्यात, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतणं हा गावाशी केलेला दगा आहे. अशा एकामुळे पुढच्या सगळ्यांना तिथे थांबायची बंदी होते.

गॅसचा १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर गाडीत नको. एकट्या-दुकट्याला छोटी कॅनिस्टरची शेगडी पुरे, आणि शक्यतो ती दार उघडून किंवा बाहेर पेटवा. मोठ्या गाडीत पाच किलोचा सिलिंडर ठेवायचा तर त्याला राहत्या भागापासून बंद आणि तळाला बाहेर उघडणारी पेटी हवी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साठतो, म्हणून वरची खिडकी उघडी असून भागत नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि दाराजवळ दोन किलोचं अग्निशामक, या दोन्हींवर तडजोड नाही. ऊब यावी म्हणून शेगडी पेटती ठेवून कधीच झोपू नका.

८. आधी भाड्याने घेऊन दोन रात्री काढा

एक रात्र नवलाईत जाते, दुसऱ्या रात्री गाडीचे गुण कळतात. जमलं तर पावसाळ्यात घ्या. सकाळी उठल्यावर गादी उचलून खालचा भाग हाताने बघा. दोन माणसांच्या श्वासातलं पाणी रात्रभरात पत्र्यावर आणि गादीखाली जमतं. तिथे ओल लागली तर तुमच्या गाडीत फळ्यांच्या मधे फटी असलेला पलंग आणि टपावर हवा खेचणारा पंखा हवाच. ओला छत्री-रेनकोट कुठे ठेवला, रात्री उठताना कोणाच्या अंगावरून जावं लागलं, बिछाना घालायला किती मिनिटं लागली, हे टिपून ठेवा. घाटात एकदा तरी स्वतः चालवा.

९. उद्यमनगरात काम देताना

फॅब्रिकेशनसाठी शिवाजी उद्यमनगरासारखी जागा शोधून सापडणार नाही. पण उत्तम वेल्डर म्हणजे कॅम्परचा जाणकार नव्हे. कामाचा क्रम तुम्ही लिहून द्या: गंज काढून प्रायमर, मग टपावरची भोकं आणि खिडक्या, मग पाण्याची चाचणी, मग इन्सुलेशन, मग वायरिंग, मग फर्निचर, शेवटी बॅटरी. पैसेही याच टप्प्यांना बांधा.

टपाच्या प्रत्येक भोकाच्या कडेला रंग लावून मग ब्यूटिल टेप आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. साधं सिलिकॉन चालणार नाही, ते हलत्या पत्र्यावर सुटतं आणि नंतर त्यावर दुसरं काही चिकटत नाही. चाचणी म्हणजे होज पाइपने वीस मिनिटं सलग पाणी, गाडी आधी सपाटीवर आणि मग उतारावर उभी करून. इन्सुलेशनला बंद पेशींचा फोम वापरा. ग्लासवूल ओल धरतं आणि आतून पत्रा खातं. गाडीच्या तळाला भोक पाडण्याआधी गाडीखाली जाऊन डिझेलची टाकी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरिंग कुठून जातं ते खडूने आखा.

चालत्या गाडीत माणसं बसणार ती फक्त आरसीत नोंद असलेल्या, बेल्टच्या सीटवर. बाजूला तोंड करून केलेला सोफा बेल्ट लावला तरी सीट होत नाही, कारण तो प्लायला बोल्ट केलेला असतो.

गाडी हातात आल्यावर पहिल्या शंभर किलोमीटरनंतर चाकांचे नट पुन्हा आवळा, पाचशेनंतर फर्निचरचे बोल्ट आणि बॅटरीचे लग. टायरच्या कडेवरचा चार आकडी कोड बघा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. पाच-सहा वर्षांहून जुने टायर असतील तर नक्षी कितीही शिल्लक दिसली तरी घाटात नेऊ नका. पहिली फेरी पन्हाळ्यापर्यंतच करा. वीस किलोमीटरचं अंतर, चढ आहे, वळणं आहेत, आणि काही सुटलं तर संध्याकाळी परत उद्यमनगरात येता येतं. शनिवार-रविवार टाळा, वर मोठी गाडी लावायला जागा मिळत नाही.